टर्कीचं गाव कोणतं?

एका संस्थानाच्या पक्षिगृहात हसनमियां तांडेल नावाचे म्हातारे राखणदार होते. उमेदीत ते जहाजावर खलाशी होते. पाखरांच्या मराठी नावांच्या पाट्या त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवल्या होत्या.

एकदा राजेसाहेबांबरोबर गोरे रेसिडेंट साहेब आले. पाट्या वाचून ते खदखदून हसले. "सुतार! धोबी! ही पाखरं आहेत की गावचे कारागीर? काढा सगळं, इंग्रजी नावं लिहा."

शिपायानं पहिली पाटी उपटलीसुद्धा. हसनमियांचं रक्त उसळलं. पलीकडच्या पिंजऱ्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "साहेब, याचं नाव काय?"

"टर्की."

"म्हणजे तुर्कस्तानचं?"

"छे! अमेरिकेचं."

"इस्तंबूलच्या बाजारात तुर्क याला 'हिंदी', म्हणजे हिंदुस्थानचं, म्हणतात, मी कानांनी ऐकलंय. आणि हिंदुस्थानात हे आणलं तुमच्याच गोऱ्या लोकांनी! आमचा सुतार दिवसभर लाकूड ठोकतो, धोबी पाण्याकाठी शेपटी आपटतो. आम्ही त्यांचं काम पाहून नाव ठेवलं. तुम्ही काय पाहून ठेवलंत?"

राजेसाहेब म्हणाले, "पाट्या राहतील."

सगळे हसले. हसनमियां मात्र हसले नाहीत. उपटलेली पाटी त्यांनी उचलली, सदऱ्यानं तिची माती पुसली आणि साहेबांच्या देखत खिळा ठोकायला घेतला.