सागवानी टेबलाची तीस वर्षं

सांगलीचे निवृत्त मुख्याध्यापक बापूसाहेब पाटणकर पुण्याला लेकाकडे आले, की आधी जेवणाच्या टेबलावर टकटक वाजवून बघत. खोक्यातून सुटं आलेलं, घरीच स्क्रू आवळून उभं केलेलं ते स्वस्तातलं टेबल त्यांच्या डोळ्यांत खुपायचं.

या वेळी तर त्यांनी फर्मानच काढलं. "सूनबाई, हा पुठ्ठा उद्याच भंगारात देऊन टाका. सहा वर्षांत काय अवकळा आलीय त्याला! आमचं सागवानी टेबल बघा. तीस वर्षं झाली, एक ओरखडा नाही."

केतकी त्याच टेबलावर पोळपाट ठेवून पोळ्या लाटत होती. टेबलावर इस्त्रीचा डाग होता, लेकीनं पेनानं गिरवलेला सातचा पाढा होता, आणि एका पायाला केतकीनं स्वतः दोनदा नवा स्क्रू बसवला होता. तिचा जीव होता त्याच्यावर.

"खरंय बाबा," ती म्हणाली. "पण सांगलीला आपण जेवतो कुठे?"

"खाली, पाटावर. टेबलाला डाग पडतील ना!"

"मग त्याची तीस वर्षं कसली मोजता? ते अजून कामावर रुजूच झालेलं नाही. आमच्या टेबलाची सहा वर्षं नोकरी झालीय, तीही एक रजा न घेता."

मुख्याध्यापकांनी ताट पुढे ओढून पोळी वाढून घेतली.

पंधरा दिवसांनी सांगलीहून फोन आला.

"सूनबाई," बापूसाहेब खुशीत होते, "आमचं टेबल आज रुजू झालं बरं का! पहिल्याच दिवशी माझ्याच हातून आमटी सांडली."