रणधीररावांचा पुतळा

डोक्यावर टोपी ठेवावी की गळ्यात उपरणं घालावं, एवढ्यावरून रणधीरराव हुंबे यांचा पुतळा दोन वर्षं अडून बसला होता.

रणधीरराव राज्याचे मंत्री. साठी उलटली तशी तालुक्याच्या चौकात आपला पुतळा व्हावा अशी जनतेची मागणी त्यांना ऐकू येऊ लागली. दुसऱ्या कुणाला ती ऐकू येत नव्हती, ती गोष्ट वेगळी. शहरातून एक शिल्पकार आला. त्याने टोपी घातलेला नमुना केला, तोवर साहेबांनी टोपीवाल्यांचा पक्ष सोडला. दुसऱ्याने उपरणं घातलं. त्याची माती ओली होती तेवढ्यात साहेबांचं उपरणंही बदललं. सरपंचकीपासून मंत्रिपदापर्यंत त्यांनी पाच पक्ष केले होते. दर वेळी तालुक्याच्या विकासासाठी गेले. तालुक्याचा रस्ता मात्र खड्ड्यांसकट जागच्या जागी राहिला.

शेवटी बोलावणं आलं ते चौकाकडेच्या भिवा पाथरवटाला. पत्र्याच्या शेडखाली तो आणि त्याची लेक अंजना जाती, पाटे, देवळांच्या पायऱ्या घडवत. जागा सरकारी. तिच्या पट्ट्यासाठी भिवाने अर्धं आयुष्य हेलपाटे घातले होते.

बापलेक बंगल्यावर गेले तेव्हा साहेब झोपाळ्यावर बसले होते.

"हे बघ भिवा, पुतळा असा घडव की उद्या मी कुठल्याही पक्षात गेलो तरी त्याला पुन्हा छिन्नी लावायला नको. कुठल्याही पक्षाचा पुढारी आला तरी तो पुतळ्यापुढं वाकला पाहिजे. आणि लांबून बघणाऱ्यानं म्हटलं पाहिजे, हे आपले रणधीरराव."

"साहेब, असा पुतळा..." भिवा अडखळला.

"जमला तर जागेचा पट्टा तुझ्या नावावर. नाही जमला तर शेड उचलायचं. तिथं मला बाग करायचीय."

भिवाने मान खाली घातली. अंजना म्हणाली, "चालेल साहेब. फक्त पट्ट्याचा कागद अनावरणाच्या दिवशी चौकातच तयार असू द्या."

साहेबांचा पीए कुलथे खेकसला, "का गं? साहेबांच्या शब्दावर विश्वास नाही?"

"आहे की. पण त्यांच्या शब्दाला जागा बदलायची सवय आहे. म्हणून म्हटलं, कागद बरा."

साहेब गालात हसले. "जीभ बरी परजलीय पोरीनं. कुलथे, तहसीलदारांना कागद घेऊन यायला सांगा. फुकट गेला तर फाडून टाकू."

वाटेत भिवा चिडला. "देवाचं तोंड घडवता येतं गं, कारण देव एका जागी बसतो. ह्या माणसाचं काय घडवणार?"

"तोंड घडवायचंच कशाला?" अंजना म्हणाली आणि खाणीतून मोठा काळा दगड आणायला निघाली.

गोणपाटाच्या आड तिचं काम चाललं. पूर्ण झाल्यावर भिवाने आत डोकावून पाहिलं आणि तो मटकन खाली बसला. "अंजने, मी बिऱ्हाड बांधायला घेतो."

"घ्या. पण हत्यारं शेवटी बांधा, आबा."

अनावरणाला चौक भरला. निवडणूक जवळ आली होती आणि साहेब पुन्हा हलणार अशी कुजबुज होती. त्यामुळे तीन पक्षांचे तीन पुढारी आपापले हार घेऊन आले होते आणि एकमेकांकडे बघत नव्हते. साहेबांनी दोरी ओढली. पडदा खाली आला.

चौथऱ्यावर खुर्ची होती. काळ्या दगडाची, रुंद हातांची, उंच पाठीची. खुर्चीवर कुणी नव्हतं.

साहेबांचा चेहरा लाल झाला. "यात मी कुठंय?"

अंजना पुढे झाली. "साहेब, तुमची टोपी गेली, उपरणी गेली, झेंडे गेले, सोबती गेले. हिचा ध्यास तेवढा तुम्ही कधी सोडला नाही. लांबून बघणारा दुसऱ्या कुणाचं नाव घेईल का, विचारा."

गर्दीत मागून कुणीतरी म्हणालं, "आपले रणधीरराव!" आणि हशा पिकला.

"आणि पक्ष कितीही बदला, हिला छिन्नी लावावी लागणार नाही."

"पण हिच्यापुढं वाकणार कोण?" साहेब गरजले.

"मागं बघा ना."

साहेब वळले. तिन्ही पुढारी आपापला हार खुर्चीला घालून, हात जोडून, कमरेत वाकून उभे होते. मधला तर डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता.

साहेबांचा आवाज खाली आला. "माझ्यापुढं एवढे कधी वाकले नव्हते हे."

"साहेब, मागं तुम्ही निवडणूक हरला होता. ती पाच वर्षं तुमच्या दारात कोण वाकलं?"

साहेबांनी आधी खुर्चीकडे पाहिलं, मग तिघांकडे. त्यांच्या पोटातून जे हसू वर आलं, ते त्यांना आवरेना. डोळे पुसत ते म्हणाले, "कुलथे, माझ्या बंगल्यावर चहा प्यायला येणारे सगळे शहाणे या पोरीनं एका दगडापुढं वाकवले की. आणा तो कागद!"

तहसीलदारांनी कागद पुढे केला. लिहायला टेबल नव्हतं. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, चौथऱ्यावर चढले आणि खुर्चीवरच बसले. कागद दगडी हातावर ठेवून त्यांनी भिवा पाथरवटाच्या नावाच्या पट्ट्यावर सही ठोकली. मग जरा रेलून बघितलं.

"बसली गं अगदी बेतात. माझं माप कधी घेतलंस?"

अंजना कागदावरची शाई फुंकून वाळवत होती. "घ्यावं कशाला लागतंय, साहेब? तीस वर्षं सगळा तालुका बघतोय."

रणधीरराव पुन्हा खदखदून हसले. खुर्चीवरून मात्र उठले नाहीत.