टेकाडवाडीचं खिंडार

“…त्या भिंतीत जिता माणूस घातलाय म्हणे, म्हणून तर दरसाल ती…”

एवढंच तुमच्या कानावर पडलं आणि रिक्षावाल्यानं रिक्षा वळवली. मी नळावर हंडा लावून उभी होते, मलाही तेवढंच ऐकू आलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. पाहुण्यांना असलं अर्धवट सांगून निघून जायचं, आणि पुढचं कुणी सांगायचं? म्हणून तुम्हाला हाक मारली. बसा या कट्ट्यावर. इथून भिंत नीट दिसते.

टेकडीच्या उतारावर आमचं ख्रिस्ती लोकांचं देऊळ आणि त्याला लागून कबरस्तान, त्याच्या खालच्या अंगानं ही काळ्या दगडाची भिंत. सगळी चुन्यात पक्की बांधलेली, फक्त मधला पाच-सहा हातांचा तुकडा कोरडा, नुसता दगडावर दगड. त्याला आम्ही खिंडार म्हणतो. दरसाल उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, ते उघडतात आणि ईस्टरला सकाळी बुजवतात. का, ते माझ्या सासूबाईंनी मला सांगितलं, त्यांना त्यांच्या सासूनं.

वाडीत देवळाची मंडळी नवी होती तेव्हाची गोष्ट. तीमथी नावाचा गवंडी होता. हात असा की पाच कोसांवरून लोक बोलवायला यायचे. त्याच्या जोडीला आमोस, त्याचा जिवाचा मित्र. भिंतीचं काम या दोघांनी धरलं. नाताळाच्या आत पुरं करायचं, असा मंडळीच्या पंचांचा हुकूम होता.

आता भिंत म्हणजे दोन अंगं, आतलं आणि बाहेरचं, मध्ये भर. दोन्ही अंगांना धरून ठेवायला थोड्या थोड्या अंतरावर एक लांब दगड आरपार घालावा लागतो. तो उचलायला दोन माणसं लागतात, वेळ जातो. तीमथीनं ते दगड गाळले. आमोस म्हणाला, “आरे, पोट फुगंल तिचं.” तीमथी हसला म्हणे. “माझी भिंत फुगत नसती. तू चुना कालव.”

नाताळ थाटात झाला. पुढच्या भाद्रपदात सात दिवस झड लागली. टेकडीची माती भिजून भिंतीवर रेटली, भिंत मधोमध फुगली आणि कोसळली. खाली आमोस होता. पाणी वळवायला चर खणत होता बिचारा.

इथवर चूक होती. चूक माणसाकडून होते. पण पंचांनी तीमथीला उभं करून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “बांधणी पक्की होती. आमोसनंच पाया उकरला.” दुसऱ्यांदा विचारलं, तेच. तिसऱ्यांदा विचारलं, तेच. मेलेला माणूस उठून बोलणार आहे थोडाच!

बोलली ती आमोसची बायको. सगुणाबाई. ती पाथरवटाची लेक, दगडात वाढलेली. रडणं बाजूला ठेवून ती त्या ढिगाऱ्यात उतरली आणि दोन दिवस एकेक दगड उलटून पाहत राहिली. तिसऱ्या दिवशी पंचांना हाताला धरून तिथं आणलं. “यात एक आरपार दगड दाखवा मला. एक.” कुणी दाखवू शकलं नाही.

मग काय, पंचांनी ठराव केला. ठराव करायला यांना काय जोर येतो! तीमथीला मंडळीतून काढलं, प्रभुभोजनाची भाकरी बंद, कुणी काम द्यायचं नाही, पाणी द्यायचं नाही. तो दगडाच्या खाणीवर निघून गेला. आणि पडकी भिंत? ती तशीच ठेवली म्हणे, पापाची साक्ष म्हणून. यांची साक्ष, आणि शेळ्या आत शिरून कबरींवर चरायला लागल्या. माझा राग आजही त्या पंचांवर आहे. त्यातला एक माझ्या सासऱ्यांचा पणजोबा होता, तरी आहे.

एके दिवशी सगुणाबाईनं पाहिलं, आमोसच्या कबरीवर शेळी उभी आहे. तिनं शेळी हाकलली. पदर खोचला आणि चालत खाणीवर गेली.

असं सांगतात, की तीमथी तिथं खडी फोडत बसला होता. दाढी वाढलेली, मान खाली. ती समोर उभी राहिली.

“ऊठ. भिंत पडलीया.”

“वहिनी, मला मंडळीनं सोडलंय.”

“मंडळीनं सोडलं आसंल. मी न्हाई सोडलं. मी तुला घट्ट धरून हाय. ऊठ.”

“तुम्ही माफ केलं मला?”

“न्हाई केलं. आन पुन्हा इचारू नको. तू हितं बसून रडतुस आन तितं शेळ्या माझ्या नवऱ्याच्या छातीवर चरत्यात. तुझ्या रडण्याचा मला काय उपेग?”

तो उठला. दोघं वाडीत आले तो दिवस उत्तम शुक्रवारचा. देवळाच्या दारातच पंच आडवे. “हा आत यायचा नाही.”

“भोजनाला न्हाई आणला, कामाला आणलाय,” सगुणाबाई म्हणाली. “पेत्रानं चेला आसून प्रभूला तीनदा नाकारलं, तर प्रभूनं काय त्याला घरी बशिवला? मेंढरं राखाया लावली! तुमी प्रभूपेक्षा मोठं झालात का काय?” देवळाचे पाळकसाहेब पुस्तक छातीशी धरून खाली बघत होते. पंच बाजूला झाले, पण कुजबुज काही थांबली नाही.

शुक्रवारी तीमथीनं ढिगारा उपसला. शनिवारी दोन्ही अंगं उभी केली, एका बाजूनं एकटा, मग फिरून दुसऱ्या बाजूनं एकटा. ईस्टरला पहाटेची उपासना झाली, सूर्य वर आला, सगळी वाडी भिंतीशी गोळा झाली. भिंत कमरेइतकी आली होती आणि आता आरपार दगड हवा होता. तसा दगड वाडीत नव्हता. असता तरी दुसरं टोक धरायला कोण होतं? पुरुष हात मागं बांधून उभे. आमच्यात बघायला कधी माणसं कमी पडत नाहीत.

सगुणाबाई म्हणाली, “माझ्या दारात हाय एक.”

तिच्या दारात होता तो आमोसच्या कबरीसाठी तिनं स्वतः घडवलेला दगड. तीन हात लांब. वरच्या अंगावर तिच्याच छिन्नीनं कोरलेलं नाव: आमोस.

“उचल,” ती म्हणाली.

“वहिनी, ह्यो तर…”

“ठावं हाय कुणाचा ह्यो. आसा एक दगड तवा भिंतीत आसता, तर ह्यो घडायची येळ आली नसती. उचल. आन माझ्या पायावर टाकलास तर बघ.”

एक टोक त्यानं धरलं, एक तिनं. देवळापर्यंत चढ आहे, बघताय ना तुम्ही. तीनदा टेकवावा लागला. आणि म्हणे, प्रत्येक वेळी टेकवताना तीमथी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, “आमोसनं सांगितलं हुतं. म्या ऐकलं न्हाई. वर त्याच्या नावानं खोटं बोललो.” तीनदा. सगुणाबाईनं प्रत्येक वेळी एवढंच म्हटलं, “चल, उचल.”

दगड बसला. वरचे थर चुन्याविना कोरडेच चढले, नाव झाकलं गेलं.

त्याच सकाळी प्रभुभोजन होतं. तीमथी अगदी मागं, दाराशी बसला. भाकरीची थाळी घेऊन पंच त्याला टाळून पुढं गेले. सगुणाबाईनं उठून थाळी धरली आणि परत मागं ओढली. झटापटच झाली म्हणतात. पण थाळी तीमथीपुढं आली, आणि त्यानं घेतली.

तिनं त्याला माफ केलं असं तोंडानं कधी म्हटलं का, हे मी सासूबाईंना खोदून खोदून विचारलं. त्या म्हणाल्या, कुणी ऐकलं नाही. पण पुढच्या उत्तम शुक्रवारी ती त्याच्या दारात उभी. “नाव वाचायचं हाय. खिंडार उघड.” दोघांनी दगड काढला, ईस्टरला परत घातला. अशी एकोणीस वर्षं. शेवटी तिचे हात चालेनात, तर तिनं नुसता तळवा टेकवला आणि सगळं वजन त्यानं पेललं.

तेव्हापासूनची रीत. त्या साली ज्यानं कुणाचं वाईट केलं असेल त्यानं एक टोक धरायचं, ज्याचं केलं त्यानं दुसरं. दुसरा आला नाही तर खिंडार उघडं राहतं, आणि सगळ्या वाडीनं पाळीनं शेळ्या हाकायच्या. मी स्वतः एकदा टोक धरलंय. शेजारणीच्या लेकीबद्दल नको ते बोलले होते. ती दुसऱ्या टोकाला होती, चढभर माझ्याशी बोलली नाही, पण टोक सोडलं नाही तिनं.

आणि आता नवीन कमिटी म्हणते, दरसालची कटकट नको, खिंडारात सिमेंट भरून टाकू. ती बघा, पोती आणून ठेवलीत देवळामागं. मी सांगून ठेवलंय, पहिलं पोतं फोडाल तेव्हा माझ्यावरून जावं लागेल. पक्की भिंत हवीय म्हणे यांना! पक्की ती तीमथीनं पहिल्यांदा बांधली तेव्हाही होती की, त्याच्या म्हणण्याप्रमाणं.

तर रिक्षावाल्याचं खरं किती? जिता माणूस भिंतीत कुणी घातलेला नाही. आमोस तिसऱ्या रांगेत आहे, कण्हेरीखाली, त्याच्या कबरीवर दगड नाही. पण आजही उत्तम शुक्रवारी खिंडार उघडलं की त्या दगडावर ऊन पडतं आणि लहान पोरंसुद्धा वाकून नाव वाचतात. मग ईस्टरच्या सकाळी दोन माणसं, एकमेकांकडं न बघणारी, ते नाव उचलून परत भिंतीत ठेवतात.