चूलपट्टीची आणि राणीच्या विस्तवाची कहाणी

ऐका शीतळाबाई, तुमची कहाणी. आटपाट नगर, नगराला राजा, राजाला कशाची वाण नाही. तरी आणखी हवंसं झालं. मग त्यानं पेटत्या चुलीवर पट्टी बसवली, चूल पेटली की कर भरायचा. कारकून दारोदार हिंडे, चुलीत हात घाली, ऊब लागली की भिंतीवर गेरूची खूण करी.

श्रावणातली सप्तमी आली. त्या दिवशी चूल सारवतात, पुजतात, पेटवीत नाहीत, शिळं खातात. कारकून आला, चूल गार. बायका पाणवठ्यावर म्हणाल्या, "उद्याही सप्तमीच समजू." दुसऱ्या दिवशी आला, चूल गार. तिसऱ्या दिवशी आला, चूल गार. पुरुषांनी भिजवलेले पोहे खाल्ले. कुरकुरले, पण खाल्ले.

कारकून म्हणाला, "एका घरी विस्तव दिसला, की मोडला तुमचा वसा. मग साऱ्यांनी भरायची."

नगरात एक तांबट होता. त्याची धाकटी सून येसू, नवी नवरी, कमी बोलायची. तिची थोरली जाऊ त्याच दिवशी बाळंत झाली. लेकरू गार पडू लागलं. सासू म्हणाली, "पेटवावी तर गाव बुडतं, न पेटवावी तर लेकरू जातं. काय करू गं?"

येसूनं खापरी उचलली. "विस्तव मागून आणते."

"कुणाकडनं? सारं गाव गार."

"एक घर आहे की."

मग ती राजवाड्याच्या मागल्या दारी गेली. राणीला म्हणाली, "बाईसाहेब, बाळंतिणीला शेगडी हवी. विस्तव द्या."

"एवढं नगर, नि विस्तवाला माझ्या दारी?"

येसूनं सगळं सांगितलं. राणी उठली. खापरी भरून दिली. मग आपल्या चुलीवर दूध शिंपडलं, चूल निववली.

येसूनं शेगडी केली. पाणी तापलं, लेकरू शेकलं, लेकरू रडलं, घर हसलं. कारकून आलाच. शेगडीला हात लावला, पोळला. "विस्तव कुणाचा?"

"राणीच्या चुलीचा. पट्टी तिकडं मागा."

कारकून गेला. गेरूची वाटी तिथंच विसरला.

राजा जेवायला बसला. भात शिळा. सकाळी शिळा, रात्री शिळा, दुसऱ्या सकाळी शिळा. "आपली चूल पेटायची कधी?"

राणी म्हणाली, "नगराची पेटेल तेव्हा."

मग राजानं दवंडी पिटली, पट्टी उठवली. घरोघरी धूर निघाला. येसूनं आपल्या चुलीतला निखारा खापरीत घेतला, राणीच्या दारी नेला. राणीची चूल त्यावर पेटली.

जसा येसूला विस्तव मिळाला, तसा तुम्हां आम्हां मागितल्या घडीला मिळो. दारी आलेलीला आपल्या तोंडून 'नाही' न निघो. साठां उत्तरांची ही कहाणी पांचां उत्तरीं निवली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.