परक्याचं पाणी

त्या राज्यात जन्मणाऱ्याला नाव मागाहून मिळे, आधी पूर्वज मिळत. राज्य कुत्र्यांचं होतं. पिल्लाचे डोळेही उघडलेले नसत आणि त्याच्या कानाशी आईकडच्या सात नि बापाकडच्या सात पिढ्या म्हटल्या जात.

राज्याच्या मधून एक ओढा वाहत होता. पूर्वेच्या काठावर थोरली आळी. तिथली सगळी कुत्री एका घडणीची, बसक्या नाकाची. नाक जितकं आत, तितकं घराणं मोठं! ते पिढ्यान् पिढ्या इतकं आत गेलं होतं की साधा श्वास घेतला तरी घशात घरघर वाजे. तर त्या घरघरीलाही थोरल्या आळीत 'खानदानी आवाज' म्हणत. चार पावलं उन्हात चालल्यावर जिभा निळ्या पडत, तेव्हा, "आमच्यात धावायची पद्धत नाही," असं सांगून सगळी सावलीला बसत.

पश्चिमेच्या काठावर नवी आळी. इथली कुत्री दोन जातींच्या मेळातून ठरवून घडवलेली. केस कुरळे, गळत नाहीत. डोळे टपोरे, नाक आखूड, स्वभाव लोण्यासारखा. सात पिढ्यांचं ओझं कशाला वाहायचं, म्हणून त्यांनी दोनच नावं ठेवली होती, आई आणि बाप. पण एक अडचण होती. दोन कुरळ्यांना आपसांत पिल्लं झाली तर ती कशीही निघत. एकाचे केस सरळ, एकाची तंगडी आखूड. ती कोणाला दाखवत नसत आणि ती पुढं कुठं जात, हेही कोणी विचारत नसे. त्यामुळे दर मोसमाला नव्यानं घडवावं लागे. आई आळीतली आणि बाप दूरदेशीचा पाहुणा. हा पाहुणा कधी कोणाच्या नजरेस पडला नव्हता.

टेकडीवर राजवाडा होता. तिथल्या मऊ गाद्यांवर पूर्वी थोरल्या आळीची कुत्री बसत, हल्ली राजवाड्याला नव्या आळीचं वेड लागलं होतं. झालं! रोज सकाळी दोन्ही काठांवरून भुंकाभुंकी सुरू. इकडून ओरडायचे, "बाजारबुणगे!" तिकडून उत्तर यायचं, "आधी श्वास घ्या, मग बोला!"

हरणी ही थोरल्या आळीची नावं सांगणारी. म्हातारी, खडूस आणि आपल्या कामात कोणाच्या बापाला न भिणारी. सातवं नाव सांगताना कोणी अडखळला तर ती विधी तिथंच थांबवी. एका नवऱ्या मुलाला पाचच नावं आली म्हणून तिनं वरातीसकट परत धाडलं होतं. मात्र एक गोष्ट तिनं कधी कोणाला सांगितली नव्हती. तिच्या तरुणपणी नावं म्हणता म्हणता झाडाची सावली सरकून जायची. आता तोंड कोरडं पडायच्या आत संपत. नवी नावंच नव्हती. आईचा आजा तोच बापाचा चुलता, आणि कुठूनही सुरुवात केली तरी हंबीरचं नाव येई. हंबीर म्हणजे आळीची शान, सर्वांत बसक्या नाकाचा नर. हरणीची मुलगी बकुळीही त्याचीच लेक.

बकुळीची दोन बाळंतपणं वाया गेली होती. पहिल्या खेपेला तीन, दुसऱ्या खेपेला दोन. पिल्लं आचळाला लागत, दोन घोट घेत आणि श्वासासाठी सोडून देत. पुन्हा लागत, पुन्हा सोडत. पोट भरायचं की श्वास घ्यायचा, यातलं एकच काहीतरी त्यांना जमे. तिसऱ्या दिवशी ती गार होत. दुसऱ्या खेपेनंतर बकुळी चार दिवस रिकाम्या गवताला कुशीत घेऊन पडून होती. हरणीला ते बघवेना.

"आई, एक जरी जगलं ना," बकुळी म्हणाली, "तरी मी पुन्हा काही मागणार नाही."

हरणीच्या काळजाचं पाणी झालं. तिनं जन्मभर जी गोष्ट इतरांना करू दिली नव्हती ती स्वतः करायचं ठरवलं. एका दुपारी, सगळी आळी सावलीत घरघरत असताना, मुलीला घेऊन ती स्थळ बघायला ओढा उतरून पलीकडे गेली.

नव्या आळीचा कारभार पिंजी बघत असे. गोडबोली, केस विंचरून घेतल्यासारखे. तिनं आपला मुलगा झुंबर पुढं केला. झुंबरानं ओढ्यावरून उडी मारली, परत उडी मारली आणि समोर येऊन उभा राहिला. हरणीनं त्याच्या छातीला कान लावला. श्वास स्वच्छ चालला होता. कशाचाही अडथळा नाही, की आवाज नाही. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"नावं सांग," ती म्हणाली.

"आई पिंजी, बाप पाहुणा," झुंबर म्हणाला.

सात नावांवाचून कोणाला पुढं न जाऊ देणाऱ्या हरणीनं आयुष्यात पहिल्यांदा पुढचं नाव विचारलं नाही. तिला विचारायचंच नव्हतं. पाहुणा तर पाहुणा, लांबचा असला म्हणजे झालं, असं म्हणून तिनं मान हलवली.

बकुळीला दिवस गेले आणि दोन्ही आळ्यांत आग लागली. थोरल्या आळीचा प्रमुख रायाजी ओरडून ओरडून निळा पडला. "आमचं रक्त बाटवलं! हे पिल्लू आमचं नव्हे!" म्हणाला. नव्या आळीतही कुरकूर होतीच. पिल्लाचे केस कसे निघतील, नाक किती निघेल, राजवाड्याला पसंत पडेल की नाही? पडलं तर ते आमचं, नाही पडलं तर कोणाचं? शेवटी ठरलं की पिल्लू जन्मेल त्या दिवशी दोन्ही आळ्यांनी ओढ्याच्या काठावर बसावं आणि अस्सल चांगलं की मेळाचं चांगलं, याचा एकदाचा निकाल लावावा.

तो दिवस उजाडला. ओढ्याच्या मधोमध एक वाळूचं बेट होतं, तिथं बकुळी वेणा देत होती. पूर्वेच्या काठावर थोरली आळी, पश्चिमेच्या काठावर नवी, आणि दोन्हीकडून वाद असा रंगला की बकुळीचं कण्हणं कोणाच्या कानावर गेलं नाही. रायाजी घराण्यांचे पाढे म्हणत होता. नव्या आळीतले एकमेकांच्या कुरळ्या पाठी दाखवत होते. हंबीर मानाच्या जागी बसून पंजा चाटत होता.

सूर्य डोक्यावर यायच्या सुमाराला पिल्लू झालं. एकच. हरणीनं चाटून चाटून त्याला मोकळं केलं. त्यानं तोंड उघडलं, थोडं थांबलं आणि श्वास घेतला. श्वास लहान होता, पण होता.

आता रीत राहिली होती. त्या राज्यात पिल्लाला लगेच आईच्या अंगाला लावत नसत. आधी नावं म्हणायची. बापाच्या बापाचं नाव आलं की त्याच्या रक्ताच्या सर्वांनी उठून पिल्लाच्या मागं उभं राहायचं. रक्ताचं असून जो बसून राहील त्याला खरूज लागते, अशी सर्वांची खात्री होती. मग जी बसलेली उरत त्यांच्यातून एक परकं निवडायचं. त्यानं ओढ्याचं पाणी तोंडात आणून पिल्लाचे ओठ ओले करायचे, की मग दूध. ज्याचं आपल्याशी काही नातं नाही त्यानं आपल्याला जगात घ्यायचं, असा त्यातला अर्थ. अलीकडे ही रीत ढिली झाली होती. दहाबारा जण उठत, बाकीची उन्हाचा कंटाळा करून बसून राहत आणि हरणी काणाडोळा करी. बकुळीच्या आधीच्या पिल्लांना पाणी पाजणारा तर तिचा सख्खा मामेभाऊ होता. हरणीला हे माहीत होतं. रोज रात्री झोपताना ते तिला आठवत असे, आणि पिल्लं त्यामुळेच गेली असं तिच्या मनानं घेतलं होतं.

"या खेपेला मी खरंखुरं परकं शोधणार," ती बकुळीला म्हणाली आणि पिंजीकडे वळली. "पिंजी, झुंबराच्या बापाचं नाव सांग."

"अहो हरणीआजी, पाहुणा म्हणा ना. आमच्यात तेवढ्यावर भागतं."

"पाहुणा हे नाव नव्हे. मला हाक मारायची आहे. नाव सांग."

पिंजीची नजर ओढा ओलांडून पूर्वेच्या काठाकडे गेली, मानाच्या जागेपर्यंत गेली आणि तिथून चटकन परत आली. पण हरणीनं ती पाहिली होती. तेवढ्यात रायाजी धापा टाकत पाण्यात उतरला आणि तिच्या कानाशी लागला.

"हरणे, काहीतरी नाव ठोकून दे. इतक्या जणांसमोर शोभा नको."

"कधीपासून चाललंय हे?"

"दर मोसमाला. कुंपणाला मागं वाट आहे. हंबीरच्या आधी त्याचा बाप जायचा. त्या बदल्यात पलीकडचे राजवाड्यातली हाडं पाठवतात, आपली आळी जगते." रायाजीनं दम घेतला. "सगळंच का सांगायचं असतं?"

"रायाजी बरोबर बोलतायत," पिंजी म्हणाली. "एखादं छानसं लांबचं नाव घ्या, आजी."

दोन आळ्यांच्या प्रमुखांचं एकमत झालेलं त्या राज्यात त्या दिवशी पहिल्यांदाच कोणी पाहिलं असेल.

हरणीनं पिल्लाकडे बघितलं. ते आंधळेपणानं आईच्या पोटाकडे सरकत होतं, थांबत होतं, तोंड उघडत होतं. बकुळी रीत मोडायला धजत नव्हती. आधीची दोन बाळंतपणं तिच्या डोळ्यांसमोर होती. तिनं आईकडे पाहिलं आणि कळवळून म्हणाली, "आई, लवकर कोणाला तरी बोलाव गं."

हरणीला रडू येत होतं आणि संतापही. हंबीरचा, रायाजीचा, आणि सर्वांत जास्त स्वतःचा. पण इतकं मोठं राज्य, तिनं विचार केला, खरं नाव घेतलं आणि रक्ताची सगळी बाजूला झाली, तर मागं कोणीतरी उरेलच. एक उरलं तरी पुरे.

तिनं पूर्वेला तोंड करून बकुळीकडची नावं म्हटली. मग पश्चिमेला वळली.

"बाप झुंबर. झुंबराची आई पिंजी." वाद थांबला. "झुंबराचा बाप हंबीर. ज्याच्या अंगात हंबीरचं किंवा हंबीरच्या बापाचं रक्त आहे त्यानं उठावं. आज मी काणाडोळा करणार नाही. खरूज लागली तर मला बोल लावू नका."

आधी हंबीर स्वतःच उठला, आळोखेपिळोखे देत पाण्यात उतरला आणि पिल्लाच्या मागं येऊन उभा राहिला. झुंबर उठला. नव्या आळीतल्या एका आईनं आपल्या तीन कुरळ्या पोरांना नाकानं ढकललं. शेजारचीनं तिच्याकडे डोळे फाडून पाहिलं आणि आपलीही दोन उठवली. थोरल्या आळीत एक उठला, त्याचे भाऊ उठले, त्यांच्या बायका उठल्या. मग दोन्ही काठांवरून ती उतरूच लागली. कालपर्यंत बाजारबुणगे म्हणणारी आणि म्हणवून घेणारी वाळूवर एकमेकांना घासून उभी राहू लागली. रायाजी खूप वेळ बसून होता. कान खाजायला लागल्यासारखं त्याला वाटलं आणि तोही उठला. सर्वांत शेवटी मान खाली घालून पिंजी आली. हरणी तर उभीच होती.

बेटावर पाय ठेवायला जागा उरली नाही. नुसती श्वासाची घरघर चालली होती.

"बसलेलं कोण आहे?" हरणीनं विचारलं.

पिल्लानं पुन्हा तोंड उघडलं. बकुळीनं मान उंच करून आधी पूर्वेकडे पाहिलं, मग पश्चिमेकडे. दोन्ही काठांवर, जिथं जिथं कोणी बसलं होतं तिथं तिथं गवत दबलेलं होतं, आणि ते हळूहळू पुन्हा उभं राहत होतं.