चारशे बारा फायली, नऊ टिपा

"किती वेळ लागेल, रहीमचाचा?"

"कशाला?"

"चारशे बारा पीडीएफ आहेत. अकरा वर्षं वाचतोय. महत्त्वाचं वाटलं त्यावर पिवळी रेघ मारली, कुठं टीप लिहिली. ते सगळं बाहेर काढून साध्या टेक्स्ट फायली करून द्या. एकेक उघडून उतरवायचं म्हटलं तर जन्म जाईल."

प्रोफेसर उपासनींनी पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. मराठवाड्यातल्या बारवांवर, त्या पायऱ्यांच्या जुन्या विहिरींवर, त्यांच्याइतकं कुणी वाचलेलं नव्हतं. हे ते स्वतःच सांगत. पुस्तक मात्र होत नव्हतं. प्रकाशकानं आता शेवटची मुदत दिली होती. दिवाळीनंतर तो विचारणार नव्हता.

परभणीतल्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत रहीमचाचा बसत. विसाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली होती. कॉम्प्युटर बोलायचा, ते ऐकायचे आणि कमांड टाईप करायचे. माउस त्यांच्याकडे नव्हताच. तीन जिल्ह्यांतली माणसं शिकायला येत.

"स्क्रीन बंद आहे, चाचा."

"कुणासाठी लावू?" चाचा हसले, हातानं चाचपून बटण दाबलं. "घ्या, तुमच्यासाठी. बसा इथं."

"मी?"

"शिकायला आलात का करून न्यायला?"

उपासनी ओशाळून कीबोर्डसमोर बसले.

चाचा सांगत गेले, ते टाईप करत गेले. या फोल्डरमधली प्रत्येक पीडीएफ घे, तिच्यातला रेघ मारलेला मजकूर नि टिपा बाहेर काढ, त्याच नावाच्या टेक्स्ट फायलीत ठेव. एवढंच.

एंटर दाबल्याबरोबर स्क्रीनभर चुकाच चुका.

"नावांमध्ये मोकळ्या जागा सोडल्यात ना? नाव अवतरणचिन्हांत घाला. नाहीतर तो एका माणसाला तीन माणसं समजतो."

पुन्हा एंटर.

चहा येईपर्यंत अकरा वर्षं उतरून झाली.

"झालं पुस्तक!" उपासनींनी हात चोळले.

"ऐकू या की."

कॉम्प्युटर वाचू लागला. पायऱ्यांची मापं, कोनाडे, शिलालेखाच्या ओळी. चाचा मान खाली घालून ऐकत होते. उपासनी खुलले होते.

"हे कोण बोलतंय?" चाचांनी विचारलं.

"निजामकाळातला एक अधिकारी. त्याचा अहवाल आहे."

"आणि हे?"

"हे पुण्यातले एक अभ्यासक. फार मोठा माणूस."

"आणि हे?"

"हा एका बाईंचा प्रबंध."

आणखी पाचेक मिनिटं गेली.

"साहेब, यात तुम्ही कधी येणार?"

वर पंखा कुरकुरत होता. उपासनी स्क्रीनकडे वाकून पुन्हा वाचू लागले.

चाचांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला. एक छोटी ओळ टाईप केली.

"रेघा वगळल्या. तुम्ही स्वतः लिहिलेलं तेवढं ठेवलं."

"किती निघाल्या?"

"नऊ."

"नऊशे?"

"नऊ."

"काहीतरी चुकलंय. परत चालवा."

चाचांनी परत चालवलं. नऊच निघाल्या.

यंत्र वाचू लागलं. "तपासणे. तपासणे. फोटो कुठे आहे. तपासणे. संदर्भ जुना..."

एकाच सुरात. शिक्षकानं वर्गात हजेरी घ्यावी तसं. उपासनींनी चष्मा काढून हातात घेतला. अकरा वर्षं रात्रंदिवस आपण काय केलं, असं त्यांच्या मनात आलं.

"बंद करा, चाचा."

चाचांनी बंद केलं नाही.

"तपासणे. पान सापडले नाही. तपासणे."

मग नववी.

"खोटं. पाणी गोड होतं. आजोबांनी ओंजळीनं पाजलंय मला."

चाचांचा हात झटकन पुढं आला. यंत्र थांबलं.

"हे कशावर लिहिलंत?"

"आमच्या गावच्या बारवेवर." उपासनींनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "अहवालात लिहिलंय, पाणी खारट, वापरण्याजोगं नाही. तेव्हा राग आला आणि खरडलं काहीतरी. विसरूनही गेलो होतो... पण त्याचं काय करणार? पुस्तकात कसं घालायचं? आजोबा गेले, बारव बुजली. आधार काय त्याला?"

चाचांनी कीबोर्ड भिंतीकडे सरकवला. खुर्ची वळवली. चाचपडत उपासनींचा हात शोधला आणि दोन्ही हातांत धरला.

"गोड म्हणजे कसं, साहेब?"