ओंडका आणि गेंदी म्हैस

फार पूर्वी रानातल्या एकुलत्या झऱ्यावर मोठा ओंडका कोसळला. पाणी अडलं आणि म्हशींच्या कळपातली रेडकं तहानेनं व्याकूळ झाली. तरणा रेडा काळभोर झोपेतून उठला तो थेट ओंडक्याला धडकला. ओंडका तसूभर हलला नाही, याची मान मात्र लचकली!

म्हातारी गेंदी म्हैस आधी चढावर फिरली, मान घुमवली, चिखल तुडवून घोटे मोकळे केले.

"आजी, रेडकं मरतायत आणि तुझा नाच चाललाय?" काळभोर खेकसला.

"मेल्या, अंग तापल्याशिवाय जोर निघतो होय? आणि जोर काय नुसत्या मानेत असतो? पाय, कंबर, सगळं रोज घोटावं लागतं."

मग तिनं खूर रोवले आणि कंबरेतून असा रेटा दिला की ओंडका गडगडत गेला. पाणी खळाळलं. काळभोर बघतच राहिला. काय ती म्हातारी! रेडकं पोटभर प्याली. त्याचाही घसा कोरडा पडला होता, पण तो बाजूला सरला.

"आजी, आधी तू."